मिटलेली कोरलं आणि काकूंच्या मुंग्या

चष्म्याच्या दुकानात मी काउंटरवर असते आणि मागच्या खोलीत काचा घासायला एक गृहस्थ बसतात. त्यांना आम्ही जपूनराव म्हणतो. कुणी स्टुलावर चढलं की 'जपून', हातात गरम चहा दिला की 'जपून', गिऱ्हाईक पायरी उतरलं तरी आतून 'जपून'. माणूस लाखात एक, पण भित्रा इतका की सोबतच्याचाच जीव मेटाकुटीला यावा. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतात, "एक आई आहे, तिची काळजी मला पुरते, ताई."

अशा माणसाने घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून त्यात कोरलं पाळावीत, हे कोडं मला कधी सुटलं नाही. आहेत त्या काळज्या कमी पडत होत्या की काय! कोरलं म्हणजे जिवंत पोवळी. दगडाला चिकटून राहतात, खुशीत असली की फुलतात, आणि जरा कुठे मनाविरुद्ध झालं की मिटून बसतात. नाकावर राग असलेल्या पाहुण्यांची ही सरबराई मला कुणी पैसे देऊन सांगितली असती तरी मी केली नसती.

तर ती कोरलं मिटली. मासे मजेत होते, कोरलं मात्र एकेक करून आत ओढली गेली. जपूनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पाण्यातलं मीठ मोजलं, ते बरोबर. दिवा वर घेऊन उजेड कमी केला. पंपाचा झोत वळवला. थोडं पाणी बदललं. नळीत थेंब टाकून, रंग जुळवून पुन्हा पुन्हा तपासण्या केल्या, कशातच खोट सापडेना. आणि हे सगळं कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून, कारण काही कोरलांत विष असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. उघडं बोट त्यांनी त्या पाण्याला कधी लावलंच नाही.

एका दुपारी चहा घेताना ते हळूच म्हणाले, "आज आणखी एक मिटलं, ताई. टाकीत काहीतरी आहे. दिसत नाही, पण आहे."

ज्या आवाजात ते बोलले त्यानेच माझ्या अंगावर काटा आला. विषय बदलावा म्हणून मी काकूंची, त्यांच्या आईची, चौकशी केली.

"हाताला मुंग्या येतात म्हणते. साखरेमुळेच असणार. डॉक्टरांनी गोळी वाढवलीय. आणि तिच्या त्या घरात घालायच्या रबरी चपला सकाळी फेकून दिल्या मी. तळ पार गुळगुळीत झाले होते, घसरून पडली म्हणजे? जाताना नव्या घेऊन जाईन."

"मुंग्यांचं मलाही बोलल्या होत्या," मी म्हटलं. "माशांना भरवतानाच येतात म्हणे. तुमच्या माशांना साखर झाली की काय, बघा जरा!"

मी हसले. ते हसले नाहीत. हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

"माशांना भरवताना?"

"हो. पाण्यात बोटं घातली की. तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या, उगाच घाबराल म्हणून."

"हीटर," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

पाणी कोमट राहावं म्हणून टाकीत काचेच्या नळीतला हीटर बुडवलेला असतो. नळीला तडा गेला तर वीज पाण्यात उतरते, कोरलं मिटली ती त्यानेच. रबरी मोजे घालणाऱ्याला ती कळत नाही. रबरी चपला घालणाऱ्या बाईच्या बोटांना नुसत्या मुंग्या येतात. आणि चपला तर सकाळी कचऱ्यात गेल्या होत्या.

काकू रोज याच वेळी चहा घेऊन मासे भरवतात. आमचा चहा नुकताच झाला होता. फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेजाऱ्यांकडे केला, तर ते बाहेरगावी. मी दुकान तसंच उघडं टाकून स्कूटर काढली. मालक काय म्हणतील ते म्हणोत.

"जोरात घ्या, ताई. जोरात!" मागून ते ओरडत होते. सिग्नल लाल होता की हिरवा, मला आजही सांगता येणार नाही.

दारात त्यांना किल्ली लावता येईना. मी हिसकावून घेतली आणि दार उघडलं. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. टाकीसमोर काकू अनवाणी उभ्या. बाही वर सारलेली, चिमटीत माशांचा खाऊ.

"आई, जपून!" ते किंचाळले.

"हो रे, हो," काकू मागे न बघताच म्हणाल्या. हा शब्द त्या घरात दिवसातून शंभरदा ऐकू येत असणार. त्यांनी बोटं पाण्यात घातली.

आवाज कसलाच झाला नाही. त्यांचा हात आखडला, मान मागे गेली आणि त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या. जपूनराव झेपावले. मी त्यांचा शर्ट मागून धरला, तो फाटला, पण मी सोडला नाही. "मेन! मेन कुठाय?" मी ओरडले. त्यांनी दारामागे बोट दाखवलं. मी खटका खाली ओढला. पंपाची घरघर थांबली आणि काकू खाली कोसळल्या.

ते त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसले. मग ते म्हणाले, "चालू आहे. श्वास चालू आहे," आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

दवाखान्यात काकूंना काही दिवस देखरेखीखाली ठेवलं. हृदय सावरलं, बोटांची टोकं तेवढी भाजली होती. हीटरच्या काचेवर केसाएवढा तडा निघाला. जपूनरावांनी तो बदलला, गळती झाली की वीज तोडणारा खटकाही बसवून घेतला.

काकू घरी आल्यावर मी भेटायला गेले. कोरलं उघडली होती, झाडून सगळी. काकू खुशीत मला एकेक दाखवत होत्या. जपूनराव टाकीकडे पाठ करून बसले होते, आईचा पट्टी बांधलेला हात हातात घेऊन.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रात्रभर झोपला नसतास."

"आता येतात मुंग्या?"

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, 'सांगू नकोस' म्हणताना पाहिलं होतं तसंच. मग म्हणाल्या, "नाही रे."