पुढचा दात आणि मुलीची भरती

माझा पुढचा दात कुठं गेला असं कुणी विचारलं, तर मी मारामारीत गेला असं सांगतो. ते खरंच आहे. मारामारी मी केली नव्हती, एवढंच.

बारावीनंतर मुलीला वकिली शिकायची होती. माझ्या पगारात ते बसत नव्हतं. तोडगा तिनंच काढला. चार वर्षं अग्निवीर व्हायचं आणि सुटताना जी रक्कम मिळते, त्यात कॉलेज करायचं. भरतीला महिना उरला होता. सकाळी सकाळी महाळुंग्याच्या कंपन्यांमधल्या रस्त्यावर ती पळायची आणि मी मागून स्कूटरवर, पायाशी शिफ्टचा डबा. पळायची ती, धाप मला लागायची.

त्या दिवशी मोटारसायकलवरून दोघं आले. मागच्यानं जाता जाता तिची वेणी ओढली. ती डांबरावर आपटली, कोपर सोलून निघालं. ते हसत पुढं गेले आणि वळून परत आले. या वेळी तिनं त्याचा हातच धरला आणि खेचला. गाडी आडवी झाली, दोघं रस्त्यावर. तिनं मागच्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि नाकावर बुक्की मारली. पापड मोडल्यासारखा आवाज आला. मग दुसरी. मग तिसरी.

मी धावलो. डब्याची पिशवी गरगर फिरवून हाणली, ती माझ्याच गुडघ्यावर बसली. मी कळवळून वाकलो, तोच दुसऱ्याचं हेल्मेट तोंडावर आलं. दात थुंकला की गिळला, अजून माहीत नाही.

खालचा पोरगा हात जोडत होता, तोंडभर रक्त, तरी ती मारतच होती. "बास, मरेल तो," मी ओरडलो. तिनं वर पाहिलं. ती नजर ओळखीची नव्हती.

लोकांनी सगळ्यांना पोलीस चौकीत नेलं. तिच्या नावावर गुन्हा लागला, तर भरतीच्या पडताळणीत नाव अडकणार. फौज गेली की कॉलेजही गेलं.

"नाक कुणी फोडलं?" हवालदारांनी विचारलं.

"मी." दात नसल्यानं शिट्टी वाजली.

त्यांनी माझं पोट पाहिलं. "तुम्ही?"

"राग आला होता, साहेब."

"पप्पा, खोटं कशाला? आधी यानं माझी वेणी ओढली, ते लिहा."

मी तिचं सोललेलं कोपर दाबलं. ती कळवळून गप्प झाली.

"खरं सांग भावा," हवालदार नाकवाल्याला म्हणाले, "पोरीनं मारलं का काकांनी?"

त्यानं मित्राकडं पाहिलं, दारातल्या लोकांकडं पाहिलं.

"काकांनी."

"काका दणकट हायेत की," हवालदार म्हणाले.

दोन्ही बाजूंनी तक्रार नाही, असं लिहून दिलं. वेणीचा त्यात उल्लेखही नव्हता. सोसायटीत महिनाभर मला पैलवान म्हणायचे आणि मी कुणालाच अडवलं नाही.

आता तिचं फौजेतलं तिसरं वर्ष चालू आहे. मागच्या सुट्टीत आली, केस मानेपर्यंत कापलेले.

"दात बसवून घ्या आता," जेवताना म्हणाली.

"राहू दे, पुरावा आहे."

"कशाचा? वेणीचा एक शब्द लिहू दिला नाहीत."

बायकोचा पोळी वाढणारा हात थांबला.

"तुझी भरती गेली असती," मी म्हणालो.

"माहितीय. म्हणून तर गप्प बसले." तिनं ताट जवळ ओढलं. "वकील झाल्यावर नाही बसणार."

मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. समोर तिचं कोपर टेकलेलं होतं, वणासकट.