चार नंबरची मोटारसायकल

आमची पोस्टिंग तेव्हा उत्तरेला, चौदा हजार फुटांवर होती. वर्कशॉप म्हणजे एक टिनशेड, दोन टेबलं आणि शेकायला एक बुखारी. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. माझ्या हाताखाली नायक दिनेश भोईर. मी ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळचा, तो आंबिवलीचा. युनिटमध्ये एका जिल्ह्यातले आम्ही दोघंच. त्यामुळे सगळे आम्हाला भाऊ समजायचे. मी समजत नव्हतो.

माझी सर्व्हिस सतरा वर्षांची, त्याची नऊ. तरी ड्रायव्हर शेडमध्ये शिरले की आधी विचारायचे, "भोईर कुठाय?" तो हसून यायचा, इंजिन ऐकायचा आणि फॉल्ट सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर. मला ते रोज खुपायचं. चहाच्या वेळी तो माझा मग भरून आणायचा, तेव्हा जास्तच.

आमच्याकडे सहा जुन्या टूरिंग मोटारसायकली होत्या, कार्ब्युरेटरवाल्या. घाटाकडचा रस्ता मोकळा आहे का, हे पाहायला त्यांच्यावरून पार्टी जायची. त्यातली चार नंबरची गाडी बिघडली. वीस मिनिटं नीट चालायची, मग चढावर दम तुटल्यासारखी बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा स्टार्ट. पेट्रोल पोचत नाही, एवढं स्पष्ट होतं. कुठे अडतंय ते सापडत नव्हतं.

मी दोन दिवस त्या गाडीवर होतो. पेट्रोल कॉक काढला, जाळी धुतली. फिल्टर बदलला. कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकले, फ्लोटची लेव्हल पाहिली. पाइप बाटलीत सोडून धार बघितली. धार सणसणीत. गाडी बाहेर काढली की पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी १०३० वाजता मेजर साहेब शेडमध्ये आले. मी रिपोर्ट देत होतो, तेवढ्यात भोईर म्हणाला, "उस्ताद, धार बघितली तेव्हा टाकीचं झाकण उघडं होतं ना? लावून बघू?"

त्याने झाकण लावलं आणि कॉक उघडला. धार आधी जाड होती. मग सुतळीएवढी झाली. मग थेंब. मग काहीच नाही. त्याने झाकण सैल केलं, तशी टाकीने फुस्स करून हवा ओढली आणि धार पुन्हा सुरू झाली. झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं.

क्लचच्या वायरीच्या एका तारेने त्याने भोक मोकळं केलं. तारेला पिवळं ग्रीस आलं. ते ग्रीस मीच लावलं होतं. झाकणाचं लॉक गारठ्याने अडकायचं म्हणून, आठवड्यापूर्वी. भोईरने तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तार कापडात पुसून टाकली.

"क्या निकला?" साहेबांनी विचारलं.

"धूल थी, सर."

"शाबाश, भोईर."

त्याने मला वाचवलं होतं. त्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला. चूक माझी, शाबासकी त्याची, वर उपकारही त्याचाच. त्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

चार दिवसांनी रस्त्याची पार्टी निघणार होती. सोबत एक मेकॅनिक जायचा. पाळी माझी होती. ०६१५ वाजता साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "साळवी, तुम जा रहे हो?"

मी म्हणालो, "भोईर को भेजिए, सर. मुझसे अच्छा है."

कौतुक म्हणून नाही म्हणालो. जाऊ दे त्याला थंडीत, मरू दे पाना धरून, असं मनात होतं. ०७०० वाजता तो चार नंबरच्या गाडीवर निघाला. जाताना हात केला. मी वाकून टूलबॉक्स आवरत राहिलो.

११२० वाजता वायरलेस सेट वाजला.

"कंट्रोल, पार्टी वन. दरड आली आहे. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"पार्टी वन, नाव सांगा. ओव्हर."

"नायक भोईर. ओव्हर."

आम्ही पोचलो तेव्हा १३०५ झाले होते. मोटारसायकल दगडांखाली अर्धी दबलेली होती. पार्टीतला जवान म्हणाला, गाडी शेवटपर्यंत एकदाही अडखळली नाही. मी मान हलवली.

त्याचं पार्थिव घेऊन आंबिवलीला मीच आलो. स्टेशनपासून त्याच्या घरापर्यंत दुतर्फा माणसं उभी होती. माझ्यासाठी एवढी आली असती का, असं त्या गर्दीत माझ्या मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. या वर्षी त्याच्या बायकोचा, सुरेखा वहिनींचा फोन आला. भोईरची स्वतःची जुनी मोटारसायकल पडवीत उभी होती, ती सुरू होत नव्हती. मी दोन दिवस गेलो. टाकीत गंज, कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये पेट्रोलचा चिकट गाळ, रबरी पाइप तडकलेला. सगळं साफ केलं, पाइप नवा टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सातव्या किकला सुरू झाली.

वहिनी दारात उभ्या होत्या. मी गाडी बंद केली आणि सांगून टाकलं. ग्रीसचं, पाळीचं, नाव देताना मनात काय होतं त्याचं. सगळं.

त्या पडवीत येऊन गाडीजवळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी सकाळी निघताना त्यांचा फोन आलेला. म्हणाले, आज उस्तादांनी साहेबांसमोर माझं नाव घेतलं. माझ्याहून चांगला आहे म्हणाले. एवढं खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं."

मग आत गेल्या. माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

नायक दिनेश भोईर, व्हेइकल मेकॅनिक. वय तेहतीस. ड्युटीवर असताना गेला. ज्या माणसाने मत्सराने त्याचं नाव दिलं, त्याच्यावर खूश होऊन गेला. पाण्याचा तांब्या हातात धरून मी त्या पडवीत बसलो होतो, आणि तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला.