काकूंच्या गीतांतली टकटक

"कारणाशिवाय कार्य नसतं," असं गुरुजी म्हणायचे. नेवाशाकडच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवताना म्हणायचे आणि निवृत्तीनंतर चहा पातळ झाला तरी म्हणायचे. ते कारण बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी असे.

मी त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे गावात कुणाचा प्रिंटर अडला की बोलावणं मला येतं.

गुरुजींच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. चर्चमधली जुनी गीतं त्यांच्याइतकी कुणालाच येत नव्हती, म्हणून ती आधी रेकॉर्ड करायची असं गुरुजींनी ठरवलं. दिवसा रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यावरची गाणी. म्हणून आम्ही दिवेलागणीला बसायचो.

प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये टकटक यायची. स्क्रीनवर काकूंच्या आवाजाची नक्षी आणि तिच्यात सारख्या अंतरावर खिळे ठोकल्यासारखे सुळके.

"कारण शोधा," गुरुजी खुर्चीतून म्हणायचे.

मी वायर बदलली, माईक बदलला, चार्जर काढला, फ्रिज बंद केला, मोबाईल अंगणात नेऊन ठेवले. टकटक चालूच. गुरुजींनी आधी माझ्या लॅपटॉपवर संशय घेतला, मग शेजाऱ्याच्या पाण्याच्या मोटारीवर. शेजाऱ्यानं ती बंद करून दाखवली आणि आमच्याकडं बघत उभा राहिला. अशाच संध्याकाळी गेल्या. काकू दर वेळी तेच गीत पहिल्यापासून म्हणायच्या. आवाज घोगरा होत चालला होता आणि ऑपरेशन परवावर आलं होतं.

त्या दिवशी त्या मध्येच थांबल्या.

"अवं, ते तुमचं झटक्याचं मशीन हाय. मी रोज त्याच्याच तालावर म्हनतेय."

घरामागच्या मक्याला रानडुकरं लागू नयेत म्हणून गुरुजींनी स्वतः तारेचं कुंपण घातलं होतं. तारेत झटके सोडणारं मशीन खिडकीबाहेरच टांगलेलं. सवयीनं आम्हाला ते ऐकूच येत नव्हतं. आता कान दिला. बाहेर टक्, स्क्रीनवर सुळका.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी दोघं शोधत हुता की. मला इचारलं कुनी?"

मक्याची कणसं भरली होती आणि डुकरं उसातून बाहेर पडायची हीच वेळ. गुरुजींनी खिडकीतून एकदा मक्याकडं पाहिलं. मग बाहेर जाऊन त्यांनी मशीन बंद केलं आणि परत येऊन, कुणालाही दोष न देता, खाली बसले. काकूंनी गळ्यात होती तेवढी गीतं म्हटली.

ऑपरेशननंतर काकू कुजबुजल्यासारख्या बोलू लागल्या. गुरुजी रोज ते रेकॉर्डिंग लावून बसायचे.

"अजून काय शोधताय?" काकू विचारायच्या.

"टकटक," गुरुजी म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेले. अंत्यविधीला चर्चमध्ये तीच गीतं लावली. काकू पहिल्या बाकावर होत्या, ओठ हलत होते. पाळकसाहेब भारावून म्हणाले, या स्वरांना लाभलेल्या निर्मळतेचं कारण केवळ परमेश्वरच जाणतो.

मी मागं स्पीकरपाशी उभा होतो. मशीन बंद केलं त्या संध्याकाळी डुकरांनी सगळा मका खाल्ला होता.