कांबळ्याचं दुसरं टोक

माझ्या मामाने तरुणपणी, फौजेत असताना, एक मोठं शौर्यपदक नको म्हणून सांगितलं. ठाकुर्लीतल्या त्याच्या सोसायटीला हे यंदा कळलं आणि कमिटीने प्रजासत्ताक दिनाला त्याचा सत्कार ठरवला. आमच्याकडे माणसाला काही मिळालं तरी शाल-नारळ आणि न मिळालं तरी शाल-नारळ. मी नौपाड्यात ग्रंथपाल होतो, म्हणून मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाचणाऱ्याला लिहिताही येतं, हा समज ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळीकडे आहे.

दोन दिवस आधी गेटवर फ्लेक्स लागला. मामाचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो, शेजारी इंटरनेटवरून उतरवलेलं कुठल्याशा परदेशी सैन्याचं पदक, खाली ‘शौर्यपदक विजेते’. मामा तो वाचून घरी आला आणि म्हणाला, "हे खोटं तिथे आहे तोवर मी खाली उतरणार नाही."

सेक्रेटरी धावत आले. "काका, मिळणारच होतं ना? मग विजेतेच की!"

"नाकारलंय मी ते."

"तसं लिहिलं तर लोकांना काहीतरी लफडं वाटेल हो."

लफडं एवढंच होतं, की तोफगोळे पडत असताना एका जखमी जवानाला मामाने कांबळ्यात घालून डोंगरावरून खाली आणलं. कांबळ्याला दोन टोकं असतात. दुसरं टोक लंगरात जवानांचा स्वयंपाक करणाऱ्या कुकच्या हातात होतं. शिफारशीच्या कागदावर मात्र आलं, ‘एकट्याने’. मामाने विचारलं, तर साहेब म्हणाले, कुकची ड्यूटी लंगरात होती, तो तिथे असूच शकत नाही.

मामा म्हणाला, "मग साहेब, मीही नव्हतो."

शिफारस तिथेच थांबली.

मानपत्रात मी हेच लिहिलं होतं. सेक्रेटरींनी ते उलटसुलट करून पाहिलं. "यात रणधुरंधर वगैरे काहीच नाही?" तोवर मामी कात्री घेऊन खाली गेली, फ्लेक्सवरची ‘विजेते’ची ओळ पदकासकट कापून आणली आणि तुकडा वॉशिंग मशीनवर घातला. "अगदी मापात बसला," म्हणाली. मी मामाच्या डायरीतला नंबर शोधून साताऱ्याकडच्या एका खेड्यात फोन लावला.

सव्वीसला सकाळी कुक गेटवर हजर. गॅलरीतून त्याला पाहून मामा अर्ध्या दाढीनिशी खाली धावला.

"अजून तयार न्हाईस? तवाबी तुझ्यामुळंच उशीर झालता."

झेंडावंदन झालं. शाल एकच आणलेली. सेक्रेटरींनी ती मामाच्या खांद्यावर घालताच त्याने एक टोक कुकच्या खांद्यावर टाकलं. दोघे एका शालीत अडकून माइकसमोर उभे, आणि मी मानपत्राची पहिली ओळ वाचतोय.

"वढू नको रे," कुक कुजबुजला. माइक चालू होता. "तवाबी असाच वढत हुतास."

"तू पळत होतास म्हणून."

"उतारावर खालच्याला जड जातं, येड्या. खाली मी हुतो."

सगळी सोसायटी हसत होती, टाळ्या वाजवत होती. रणधुरंधरवाले सेक्रेटरी सगळ्यात जोरात. मामाने माझ्याकडे वळून फर्मावलं, "खाली हा होता, हे राहिलंय त्यात. लिही."

मी वाचणं थांबवून पेन काढलं.