डब्यातलं सर्वात वरचं नाव

आधी आवाज सांगतो. टुंग. मग थोडं थांबून पुन्हा टुंग. आतल्या खोलीत कुणी पितळी वाटी हळूच फरशीवर ठेवावी आणि घरात तर आपण एकटेच असावं, तसा तो आवाज. तीस वर्षं होऊन गेली. अजूनही भरदुपारी वीज जाऊन बुऱ्हाणपुरातले माग एकदम थांबले की माझे कान तोच आवाज शोधतात.

तुम्ही चहा घ्या. मी सावकाश बोलणारा माणूस, माझ्या नादी लागलात तर चहा गार होईल. आज मी तुम्हाला माझा एक पराक्रम सांगणार आहे. एक आख्खं विलायती यंत्र मी या गावात बुडवलं, आणि तेही फारसं तोंड न उघडता.

मी तेव्हा मदनशेठच्या टीव्हीच्या दुकानात होतो. काम म्हणजे लोकांच्या छपरावर चढायचं आणि अँटेना फिरवत खाली विचारायचं, "आता दिसतंय का?" शाळा चौथीपर्यंत. इंग्रजीतली मोठी अक्षरं तेवढी येत, तीही कापडाच्या गाठींवर छापलेली बघून शिकलो. घरी बायको रोज एकच बोलायची, "छपरावरून उतरा आता. एक दिवस तुम्ही पडाल आणि लोक खालून विचारतील, आता दिसतंय का?"

बाहेरदेशच्या मालाला आपल्याकडे नुकती वाट मोकळी झाली होती. शेठनं मुंबईहून चार डबे आणले. काळे, चपटे, मिठाईच्या मोठ्या डब्याएवढे. टीव्हीला जोडायचे आणि चकती घालायची. गाणी वाजणार, फोटो दिसणार, इंग्रजीतून ज्ञान मिळणार, वर खेळही खेळता येणार. एका डब्यात सगळं.

"सुपडू," शेठ म्हणाले, "एक डबा खोल. घरोघर ने, दाखव. हे चार गेले की तू छपरावरून खाली. काउंटरला बसायचं."

"शेठ, मला कुठं बोलता येतं?"

"तेच तर पाहिजे. तू चूप बैस. डबा बोलेल."

पहिल्यांदा गेलो राजपुऱ्यात, नाना मास्तरांकडे. चौथीला त्यांनीच शिकवलं होतं मला, म्हणजे जेवढा शिकलो त्याचा शेवट त्यांच्याच हातून झाला. नाना ऐंशीच्या पुढचे. दातांची कवळी वाटीत, हात थरथरता. त्यांची बायको, आमच्या काकी, स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या.

खेळ असा होता की खालच्या फळीनं चेंडू वर मारायचा, वरच्या विटा पडायच्या. संपला की डबा टुंग करायचा आणि खेळणाऱ्याचं नाव मागायचा. नाव लिहिलं की ते यादीत जायचं, पुढं आकडा. नानांनी तो थरथरता हात घेऊन दोनशे चाळीस केले. मलाच खरं वाटेना.

"दोनशे चाळीस? यांनी?" काकी म्हणाल्या. "उभ्या जन्मात पत्त्यांचा एक डाव जिंकले नाहीत."

नाना बोळक्या तोंडानं हसले. इतके हसले की काकी पाणी घेऊन धावल्या.

आता डब्याला नाव पाहिजे. सगळं गाव त्यांना नाना मास्तर म्हणणार, खरं नाव मला कुठं ठाऊक? नाना तर हसण्यातून बाहेर येईनात. मी काकींना विचारलं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं म्हणजे त्या काळच्या बाईला काय वाटायचं ते तुम्हाला माहीत आहे. मी रिमोट धरून बसलो. डबा वाट बघत होता. शेवटी काकींनी पदर सावरला आणि म्हणाल्या,

"तापीच्या काठी केळीची बाग, यशवंतरावांचं नाव घेते, डबा आवर अन् वाटेला लाग."

मी एकेक अक्षर शोधून यशवंत लिहिलं. यादीत सर्वात वर. काकी टीव्हीजवळ आल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण बसचे नंबर वाचण्यापुरते आकडे येत. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "हे यांचं?" मी मान हलवली. आठवडाभर त्या शेजारणींना सांगत होत्या म्हणे, आमच्याकडे दोनशे चाळीस झाले.

डबा काही घेतला नाही. नाना म्हणाले, "सुपडू, गाण्याला रेडिओ आहे. ज्ञान सांगायला ही आहे."

आठ दिवसांनी नाना दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी घाटावर जाऊन आलो. पिकलं पान होतं.

दुसरं घर गोविंदशेठचं, कापडाचे व्यापारी. दमा जुना, इंदूरच्या डॉक्टरांनी हात टेकलेले. घरच्यांना वाटलं, अंथरुणावर पडल्या पडल्या जीव रमेल. त्यांचं नाव नानांच्या खाली गेलं. पाचव्या दिवशी तेही गेले. त्यात डब्याचं काय? काही नाही. मी तर विचारही केला नाही. विचार करायची मला सवय नव्हती, अँटेनाच्या कामात तो लागत नाही.

मग देडतलाईच्या पाटलांचा निरोप आला. केळीचा मोठा बागायतदार, नव्या वस्तूंचा हौशी. गोधडीत गुंडाळून डबा मांडीवर घेतला आणि बसनं गेलो. पाटील अंगानं दणकट. खेळले, ओरडले, मांडीवर थापा मारल्या, सगळ्या घराला बोलावून दाखवलं. त्यांचं नाव मी तिसऱ्या ओळीत लिहिलं. सौदा झाल्यातच जमा होता. मला काउंटरची खुर्ची दिसायला लागली होती.

तेवढ्यात पाटलांनी विचारलं, "हे वरचे दोन कोण रे भाऊ?"

मी बोलतो कमी, पण विचारलं की खरं सांगतो. हीच ती चूक.

"पहिले आमचे नाना मास्तर. वारले."

"अरेरे. आणि दुसरे?"

"गोविंदशेठ. तेही वारले."

"कधी?"

"डबा दाखवला त्याच्यानंतर."

पाटील टीव्हीच्या जवळ सरकले. घरातली सगळी माणसं बघत राहिली.

"आणि तिसरं नाव?"

"तिसरं तुमचं."

हसू नका. मला वाटलं, माणूस विचारतो आहे तर सांगावं. पाटलांनी रिमोट खाली ठेवला, जसा आपण अंगावर चढलेला विंचू खाली ठेवू. आतून त्यांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "त्याला चहा देऊ नका. जाऊ द्या लवकर."

परतीच्या बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी. मी पोचायच्या आधी गोष्ट गावात पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून डबाच काय, मीही कुणाला चालेना. "टीव्हीत मुंग्या दिसतायत तर दिसू दे सुपडूभाऊ, तुम्ही वर चढू नका." एका बाईनं दार न उघडताच सांगितलं, "आमच्याकडं कुणालाच नाव नाही."

छपरं बंद झाली. बायको खूश. शेठनं कपाळाला हात लावून मला दुकानात बसवलं. काउंटर मिळालं की. पण समोरच्या टीव्हीला तो डबा जोडलेला, आणि गिऱ्हाईक एक नाही.

एक दुपार सांगतो. शेठ जेवायला गेले होते. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, आम्हाला ती ऐकूसुद्धा येत नाही इतकी सवय. तेवढ्यात मागांची लाईन गेली. दुकानाची मात्र होती. खटखट थांबली आणि गाव असं गप्प झालं की मला माझा श्वास ऐकू आला. मग मागून, टुंग.

मी काही दाबलं नव्हतं. डब्याची खोडच होती ती. कुणी हात लावला नाही तर थोड्या वेळानं तो आपला आपण यादी काढायचा. निळ्या काचेवर खालून वर, हळूहळू, एकेक ओळ. यशवंत. गोविंद. पाटील. आणि खाली चौथी ओळ, रिकामी. तिथं एक छोटी रेघ उघडझाप करत होती. कुणीतरी टाक बुडवून बसावं आणि पुढचं नाव विचारावं, तशी.

दुकानात मी एकटा.

माझ्या आधीची तीन भावंडं गेली होती. मी झालो तेव्हा आईनं मला सुपात घातलं आणि नाव सुपडू ठेवलं, यमाला वाटावं की हा केर आहे, न्यायच्या लायकीचा नाही. आईनं इतक्या कष्टानं लपवलेला पत्ता मी त्या डब्याला कसा देऊ? मी खांद्यावरचा पंचा काढला, मान फिरवून टीव्हीवर टाकला. पंच्यातूनही ती रेघ दिसत होती. मी हात जोडून म्हणालो, "शेठ जेवायला गेलेत. ते आले की विचार."

त्या दुपारनंतर चौथ्या दिवशी सकाळच्या बसनं पाटील आले. ठणठणीत. दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले, "माझं नाव काढ."

"पाटील, तुम्ही तर चांगले धडधाकट आहात."

"आहे. तोवर काढ."

पण काढायचं कसं? वीज बंद करून डबा दोन दिवस कपाटात ठेवून बघितला होता, तरी नावं जागच्या जागी. शेठ चष्मा लावून डब्याबरोबर आलेलं पुस्तक वाचायला बसले. तासाभरानं म्हणाले, "एकेक नाव निघत नाही. पुसायचं तर सगळं पुसतं."

"सगळं?" मी विचारलं.

"पूरी लिस्ट."

माझं बोट बटणावर होतं. सर्वात वरती नाना होते. दोनशे चाळीस. ज्यांनी मला अक्षर शिकवलं त्यांचं मी लिहिलेलं ते एकच नाव. मी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, "साफ केला तर एखादा डबा तरी जाईल, सुपडू. नाहीतर चाललास परत छपरावर." मागून पाटलांचा श्वास मानेवर येत होता.

"दाब," पाटील म्हणाले.

मी दाबलं. टुंग. चार रिकाम्या ओळी राहिल्या. पाटलांनी सगळ्यांना मावा जिलेबी खाऊ घातली आणि बस पकडली. डबा मात्र घेतला नाही.

नंतर कळलं की तो डबा कुठंच खपला नव्हता. मुंबईत नाही, परदेशात नाही. गाण्याला लोकांकडे टेप होता, पिक्चरला व्हीसीआर भाड्यानं मिळायचा. सगळं करणारी महागडी वस्तू कुणालाच नको होती. बनवणाऱ्यांनी बनवणंच थांबवलं. शेठ म्हणाले, "तुझी चूक नाही रे. तो जन्मतःच गेलेला होता." मी मात्र बरेच दिवस धरून चाललो होतो की देडतलाईत मी जे बोललो ते थेट विलायतेला ऐकू गेलं.

आणि मग, नानांना जाऊन दोनेक महिने झाले असतील, एका दुपारी काकी दुकानात आल्या. राजपुऱ्यातून चालत, उन्हाच्या. हातात कापडी पिशवी, घट्ट धरलेली.

"सुपडू, डबा घ्यायचाय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काकी, बसा. नवा काढतो, खोक्यातला."

"नवा काय करू? ते ज्यात आहेत तो दे."

मी हातातलं खोकं पुन्हा फळीवर ठेवलं.

"लोक काही बोलोत," काकी म्हणाल्या. "तू लिहिलंस ना सर्वात वर, मी नाव घेतलं तेव्हा? संध्याकाळी लावत जाईन. बघायचं आणि बंद करायचं. घेण्याआधी एकदा दाखव."

साऱ्या दुनियेत त्या डब्याला आपल्या पायांनी चालत आलेलं हे एकच गिऱ्हाईक. आणि त्यांना हवा तो माल मी माझ्या बोटानं पुसलेला.

खरं सांगायला हवं होतं. देडतलाईत नको तिथं खरं बोललो, इथं बोलायचं तर जीभ उचलेना. म्हणालो, "काकी, वायर लावायची आहे. जरा बाहेर बाकावर बसा. पाणी देतो."

त्या बाहेर बसल्या. मी टीव्ही माझ्याकडे फिरवला आणि नानांच्या नावानं खेळायला बसलो. यादी रिकामी, कितीही आकडा चालणार. घराघरात तो खेळ मी दुसऱ्यांना शिकवला होता, स्वतः कधी खेळलो नव्हतो. चेंडू आला, गेला. पुन्हा आला, फळी भलतीकडेच. बाहेरून काकींनी विचारलं, "झालं का रे?" शेवटचा चेंडू कसाबसा लागला, दोन विटा पडल्या आणि खेळ संपला. डब्यानं नाव मागितलं. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं. यशवंत.

"या काकी."

काकी आत आल्या. तेवढ्यात मागांची लाईन गेली. खटखट थांबली. टुंग. निळ्या काचेवर नाव हळूहळू वर आलं आणि सर्वात वरच्या ओळीत जाऊन थांबलं. अगदी जिथं होतं तिथं. काकींचा चेहरा असा झाला की मला वाटलं, जमलं. देवा, जमलं.

त्यांनी बोट पुढं केलं. आधी नावावर ठेवलं. बराच वेळ. मग ते काचेवरून हळूच सरकवत पुढच्या आकड्यावर नेलं.

वीस.

काकींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चौथीत मी दुसऱ्याची पाटी बघून लिहिलेलं पकडल्यावर नाना बघायचे, तसं. मग त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरून राजपुऱ्याच्या वाटेला लागल्या.