एका सुराची काळी पेटी

पेटी म्हटलं की लोकांना हार्मोनियम आठवते. आमच्या घरात पेटी म्हणजे अण्णाचं गिटारचं पेडल, गिटारीचा आवाज बदलणारी डबी. अण्णा माझा थोरला भाऊ. भवानी पेठेतल्या घरात तो आणि वैनी राहतात. मी जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन शहाणा झालोय. उमेदीची सगळी वर्षं अण्णानं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. पुढे लग्नावरातींत डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला आणि अण्णाकडं उरल्या त्या ह्या पेट्या.

नावाजलेल्या कंपनीचं पेडल त्यानं कधी घेतलंच नाही. जुन्या बाजारात, मोडलेल्या ऑर्केस्ट्रांच्या सामानात जे कुणाला ओळखू येत नाही, ते हा उचलणार. एक म्हणे रशियातून आलेलं, इस्त्रीएवढं जड. त्यातून सूर गोल गोल फिरत यायचा. दुसरं पायानं दाबायचं, त्यात गिटारपेक्षा बिजागरीचाच आवाज जास्त. मी इंटरनेटवर तास तास शोधून त्याला सांगायचो, "अण्णा, ह्याला जगात कुणी विचारत नाही." तो म्हणायचा, "म्हणून तर आपल्याकडं आलंय की."

काळी पेटी त्यातलीच. पत्र्याची, वर नाव नाही, दोन बटणं आणि एक खटका. आवाज जाड करायचा, फाडायचा आणि लांबवायचा, एवढंच तिचं काम. ऑर्केस्ट्रात ती त्याला फारशी लागली नाही. सगळ्या गाण्यांत घुसायची, गायक चिडायचे.

मग अण्णाला अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, डावा हात काही पुरता आला नाही. गिटारीत डावा हात म्हणजे तार दाबणारा हात. त्याचं एक बोट तेवढं तारेवर टेकायचं. साध्या गिटारीत तेवढ्या दाबाचा सूर निघाल्या निघाल्या मरतो. काळ्या पेटीतून तोच सूर लांबत राहायचा, आणि तेवढ्या वेळात अण्णा बोट न उचलता तारेवरून पुढं सरकवायचा. असा एकेक सूर लावत तो अख्खी आरती वाजवायचा. ऐकायला सुरेख नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण वाजवून झालं की तो पोटभर जेवायचा, पेपर वाचायचा, वैनीला चिडवायचा. ज्या दिवशी वाजवलं नाही त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडायचा. औषधं चालू होतीच, पण माणूस उभा होता तो त्या पेटीवर.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं प्रत्येक हत्यार पुजतात. कुणाचा माग, कुणाचा तराजू, कुणाची रिक्षा. अण्णाची हत्यारं म्हणजे गिटार आणि पेट्या. त्या पाटावर मांडायच्या, हळदीकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. गेल्या खंडेनवमीला वैनीनं तशीच पूजा केली. दसऱ्याला सकाळी अण्णानं पेटी लावली, तर सूरच येईना. नुसतं ठप्प, आणि मागून खरखर.

"ओलं कुंकू लावलंस खटक्याला," तो वैनीवर कडाडला. "आत पाणी गेलं. मारलीस पेटी."

संध्याकाळी मी सोनं द्यायला गेलो, तर वैनीचे डोळे सुजलेले. आणि मीही, हातात आपट्याची पानं धरून, तिलाच सुनावलं, "वैनी, विजेच्या वस्तूला कुणी पाणी लावतं का?" आमच्या घराण्यात राग फुकट मिळतो.

पेटी मी फ्लॅटवर आणली आणि खालचा पत्रा उघडला. आत सगळं काळ्या राळेत बुडवलेलं. कुणी नक्कल करू नये म्हणून बनवणाऱ्यानंच ओतलेली असणार. म्हणजे आतलं काही गेलं असेल तर दुरुस्तीचं नावच नको. पण ओल कुठंच नव्हती. कुंकवाचा वाळलेला ठिपका खटक्याच्या बाहेरच होता. तो पुसला, नवी बॅटरी घातली आणि मीही हौसेनं थोडी वाजवतो ती माझी गिटार जोडली. सूर निघाला तो थांबेचना. शेजारच्यांनी बेल वाजवली, तरी मला हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तसाच भवानी पेठेत गेलो. अण्णानं मोठ्या आशेनं गिटार मांडीवर घेतली. ठप्प, खरखर. मी वायर बदलली. पुन्हा ठप्प. तेव्हा मी पेटीकडं बघायचं सोडून त्याच्या बोटाकडं बघितलं. बोट तारेवर होतं, पण तार खाली पट्टीला टेकत नव्हती. जोर लावून त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि बोट तारेवर नुसतं ठेवलेलं होतं, म्हणून ते ठप्प. अण्णाची नजर पेटीवर होती.

वैनीनं मला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं.

"भावजी, पेटी चांगली हाय न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शर्टाची बटनं मीच लावती की. श्रावनापास्नं बोटातला जोर कमी हुतोय. डॉक्टरांनी मला बाजूला घिऊन सांगितलं, आता हाय त्येवडंच. ह्यांना सांगितलं न्हाय."

"मग एवढं सगळं ऐकून का घेतलंत? माझंसुद्धा?"

तिनं चहात साखर घातली, ढवळली. "पेटी गेली तर मानूस दुसरी हुडकतो, भावजी. हात गेला म्हनल्यावर काय हुडकायचं? तुमी माजंच नाव सांगा."

मला तिचा राग आला, अण्णाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. मी बाहेर आलो.

"काय निघालं रे?" अण्णानं विचारलं.

"गेली अण्णा. कुंकवाची ओल आत शिरलीय. राळ ओतलेली आहे, उघडता येत नाही."

तो चक्क हसला. "मग ठीक हाय. मला वाटलं, हातच गेला का काय माजा."

आत कपबश्यांचा आवाज थांबला.

"माजीच चूक हाय," वैनी आतून म्हणाली.

"असू दे गं," अण्णा म्हणाला. "तुला काय ठावं त्यातलं." मग मला म्हणाला, "जुन्या बाजारात बघ एखादी, असलीच. तंवर हाताला आराम."

वैनी चहा घेऊन आली. अण्णानं आपल्याला माफ केलं म्हणून ती हसत होती, आणि ते हसू खरं होतं. मी मात्र कप बाजूला ठेवून ती चालू पेटी पिशवीत भरायला घेतली.