मैयासमोर ठेवलेली पट्टी

माझं शिक्षण आठवीपर्यंत. वरुडकडून जबलपूरला ट्रक चालवायला आलो, त्याला सहा वर्षं झाली. बायको गावीच. एकटेपणात माझा पाय घसरला, आणि एकदाच नाही. मग ताप येऊन राहिला, वजन उतरलं, मनात एकच शंका बसली. दवाखान्याच्या रांगेत कोणी ओळखीचा ड्रायव्हर भेटेल या भीतीनं मी तिकडे फिरकलोच नाही.

आमच्या ट्रकअड्ड्यावर ड्रायव्हर लोकांना भेटायला एका आरोग्य संस्थेच्या दीदी येत. त्यांनी एचआयव्ही स्वतःच तपासायचं किट हातात दिलं. सुई नाही, रक्त नाही. हिरड्यांवरून पट्टी फिरवायची, बाटलीतल्या पाण्यात उभी करायची. एक रेघ म्हणजे ठीक, दोन दिसल्या तर दवाखान्यात पुढची तपासणी. कोणाला कळणार नाही, याचंच मला बरं वाटलं.

खोलीवर पट्टी फिरवून बाटलीत उभी केली खरी, पण पाहायची हिंमत होईना. नर्मदामैयाच्या तसबिरीपुढे ती ठेवली आणि ग्वारीघाटावर संध्याकाळच्या आरतीला निघून गेलो. म्हटलं, मैया, तूच बघ. दोन-अडीच तासांनी परतलो तर दुसरी रेघ उमटलेली, पुसटशी. आता घरी तोंड दाखवायचं नाही, एवढंच ठरवलं. सकाळी पुन्हा घाटावर गेलो. कशाला, ते लिहवत नाही.

पायऱ्यांवर मागून हाक आली, "भैया, किट किया क्या?" त्याच दीदी, आपल्या आईला स्नानाला घेऊन आलेल्या. मी सगळं सांगून टाकलं. रागावतील वाटलं, पण हसू दाबत म्हणाल्या, "अरे भैया, मैया को तो बिना किट के दिखता है! बीस मिनट में देखना तो आपको था." उशिरा पाहिलेल्या रेघेचा भरवसा नसतो, हे किटमधल्या कागदावर लिहिलं होतं. मी तो वाचलाच नव्हता.

त्या मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या, रांगेत सोबत उभ्या राहिल्या. रक्त तपासलं. एचआयव्ही निघालाच. मी रडलो. पण या वेळी शेजारी माणूस होतं.

त्याच दिवशी बायकोला फोन केला. सगळं सांगितलं, ते तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "केलं ते मी विसरणार नाही, आधीच सांगते. गोळ्या सुरू केल्या का? अन् काहून एकटेच झुरून राहिले इतके दिवस?" दुसऱ्या दिवशी तिनंही तपासून घेतलं, तीन महिन्यांनी पुन्हा घेतलं. तिला काही नाही.

दीदी नेमक्या त्याच सकाळी घाटावर काहून आल्या, मी विचारलं नाही. कोणी योगायोग म्हणेल, म्हणो. रोजच्या गोळीनं आता अंग धरलंय. पूर्वी मी मैयाकडे डोळे मिटून मागायचो, हे माझ्या वाट्याला येऊ देऊ नको. आता एवढंच म्हणतो, जे आलं ते उघड्या डोळ्यांनी पाहू दे. पुढचं तुझ्या हाती.